बेटावरून मारलेली हाक

अंदमानला जाऊन आल्यापासून लोक मला एकच विचारतात, काय काय पाहिलंत? मग मी सांगते. चिडियाटापूचा सूर्यास्त, बारातांगचा चिखलाचा ज्वालामुखी, चुनखडीची गुहा, नील बेटावरचा दगडी पूल. ऐकणाऱ्याला वाटतं, बाई मस्त मजा करून आल्या. मी कुणाचं म्हणणं खोडून काढत नाही. ते बेट सुंदरच आहे आणि झाल्या गोष्टीत त्याचा काही दोष नाही.

आम्ही भिवंडीतल्या नारपोलीचे. खाली लूमचा, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागांचा कारखाना आणि वर घर. माझं माहेर पडघ्याच्या आतल्या एका गावात. तिथे दुपारी कोंबडी ओरडली तरी शेजारीण बाहेर येऊन बघायची. तिथून लग्न करून आले ती थेट खडखडाटात. पहिल्या दिवशी सासूबाई कारखान्यात माझ्याशी काहीतरी बोलल्या. मला फक्त ओठ हलताना दिसले. वाटलं, माझं काहीतरी चुकलंय आणि या मनातल्या मनात शिव्या देतायत. त्या विचारत होत्या, चहा घेतेस का.

बाहेरच्या माणसाला वाटतं, लूमवाले एकमेकांशी ओरडून बोलत असतील. उलट आहे. ओरडून काही उपयोग नाही हे पहिल्या आठवड्यातच कळतं आणि मग माणूस आवाज लावायचं सोडूनच देतो. ओठ मोठे, सावकाश हलवायचे, हाताची जोड द्यायची, समोरच्याने तोंडाकडे बघायचं. मी कांडीच्या मशीनवर बसायची, म्हणजे धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायची. आमचे हे पलीकडच्या कोपऱ्यातून मला सांगायचे की आज बोंबलाची चटणी कर. मी मान डोलवायची. नव्या माणसाला ते ओठ दिसतात. काही वर्षांनी ते दिसायचे बंद होतात आणि ऐकूच येतात. घरच्या माणसाचा आवाज डोक्यात पक्का बसलेला असतो, तो त्या ओठांवर आपोआप चढतो. हे मी कोणाला समजावून सांगू शकत नाही, पण भिवंडीतल्या कुठल्याही जुन्या लूमवाल्याला विचारा.

आमचं सगळं बोलणं असंच झालं. भांडणं, लाडीगोडी, सासूबाईंच्या तक्रारी, सगळं लूम चालू असताना. कधी लाईट गेली आणि कारखाना शांत झाला की हे गप्प. मी म्हणायची, बोला ना, आता तर सगळं ऐकू येतंय. तर हे नखं बघत बसायचे. लाईट आली, खडखडाट सुरू झाला की यांची गाडी सुटायची. शांततेत या माणसाला बोलता यायचं नाही, हे मी संसाराच्या सुरुवातीलाच ओळखलं होतं.

अपवाद एकच, आमची मुलगी. तिला आम्ही कारखान्यात पाऊल टाकू दिलं नाही. तिने कापसाची धूळ खाऊ नये, शिकावं, असं ह्यांच्या मनात होतं. ती वर खिडक्या लावून अभ्यास करायची. त्यामुळे तिला ओठांची भाषा आलीच नाही. ह्यांचा जो काही आवाज होता तो तिच्या वाट्याला गेला. संध्याकाळी हे कारखान्याचं दार मागे ओढून घ्यायचे, जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहायचे आणि वर तोंड करून हाक मारायचे. "बायऽऽ, गो बाय." आमच्यात मुलीला लाडाने बाय म्हणतात. यांची बाय मात्र लांबलचक, शेवटी थोडी वर जाणारी होती, आणि मुलगी जिन्याच्या वरून मोठ्याने ओ द्यायची. मुलगी नोकरीला लागली, पडघ्याच्या गोदामात मोठ्या कंपनीचा माल मोजायला लागली, तरी ती हाक सुटली नाही.

मग यांचा घसा बसला. सर्दी म्हणून काढे झाले, गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या. मी तंबाखूवरून डोकं खाल्लं ते वेगळंच. महिने गेले तरी आवाज खरखरतच राहिला, तेव्हा मुलीने ऐकलं नाही आणि मुंबईला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, बोलायला चांगला होता. त्याने कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. गळ्याला पुढून एक भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा. जीव वाचेल अशी आशा आहे. आवाज राहणार नाही.

मुलगी तिथेच रडायला लागली. हे मात्र माझ्याकडे वळले आणि त्या शांत खोलीत मला ओठांनीच म्हणाले, "आपल्याला काय फरक परतो? आपन कवा आवाजान बोललो?"

मला हसू आलं. डॉक्टर बघतच राहिला. पण खरं सांगते, मला धीर आला. मनात म्हटलं, दुसऱ्या कुणावर ही वेळ आली असती तर आभाळ कोसळलं असतं. आमची तर आयुष्यभर तयारीच झालेली आहे. त्या क्षणी मला मुलीचं काही सुचलं नाही.

सुचलं ते घरी आल्यावर. ती ह्यांच्या पुढ्यात फोन धरून बसली. म्हणाली, "बाबा, मला एकदा हाक मारा. नेहमीसारखी. मला ती ठेवायची आहे."

घरात ह्यांच्या आवाजाचं दुसरं काही नव्हतंच. होते ते सगळे हळदीचे व्हिडिओ, त्यात डीजे एवढा मोठा की नवरदेवाचाही आवाज येत नाही. हे घसा खाकरत बसले. तोंड उघडलं, मिटलं. फोनकडे बघून लाजले. मग म्हणाले, "तू अशी पुढ्यान बसलीस, मंग हाक कशी मारू? हाक लांबच्या मानसाला मारतान."

"मग मी खाली जाते. गल्लीत उभी राहते."

"तसं न्हाय गो. ठरवून न्हाय येत."

ती चिडली, उठून गेली. मग त्यांनीच तोडगा काढला. अंदमानची सहल मुलीने आम्हा दोघांसाठी आधीच ठरवली होती. डॉक्टरने सांगितलं होतं, तारखेच्या आधी परत येत असाल तर खुशाल जा, फक्त आवाजावर ताण देऊ नका. हे मुलीच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तिथशी मारीन. समुद्राच्या पलीकडशी. तवा तू लांब असशील."

मुलीने माझ्या हातात फोन दिला, व्हिडिओ कसा काढायचा ते पुन्हा पुन्हा घोटवून घेतलं. म्हणाली, "आई, मला फोटो नकोत. नेटवर जगभरचे फोटो आहेत. मला फक्त ती हाक आण."

म्हणून मी अंदमानला गेले ती एवढ्या एका कामासाठी. समुद्र वगैरे बाकीच्यांनी बघावा.

विमानातून पहिल्यांदा बेटं दिसली तेव्हा ह्यांनी खिडकीला कपाळ लावलं. निळ्या पाण्यात नुसती झाडीच झाडी तरंगत होती, जमीन म्हणून दिसेना. हे बराच वेळ बघत होते. मग माझ्याकडे वळून ओठांनी म्हणाले, "मानूस राहतो कुठं हितं?" विमानाचा आवाज होता ना, म्हणून बोलले. उतरल्यावर पुन्हा गप्प.

आमचा टूर मॅनेजर चोवीस तास उत्साहात असायचा. हातात पिवळा झेंडा आणि तोंडात सारखं काका-काकू. पहिल्याच संध्याकाळी त्याने आम्हाला चिडियाटापूला नेलं. बेटाचं दक्षिणेकडचं टोक ते. किनाऱ्यावर मोठाले वठलेले ओंडके पडलेत, उन्हापावसाने पांढरे झालेले. समोर डोंगर, त्याच्या खांद्यावरून सूर्य खाली घसरत होता आणि पाण्यावर आधी पिवळा, मग तांबडा, मग जांभळा रंग पसरत गेला. मागच्या जंगलातून पाखरं परतत होती. मॅनेजर म्हणाला, "आता सगळ्यांनी एक मिनिट अजिबात बोलायचं नाही. इथली शांतता ऐकायची."

सगळे डोळे मिटून उभे राहिले. पाखरंही थांबली. लाटसुद्धा तिथे आवाज करत नव्हती, नुसती येऊन टेकत होती. आणि त्या शांततेत हे दचकले, इकडेतिकडे बघितलं आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "लाईट गेली काय गो?"

सगळा ग्रुप हसला. पुण्याच्या एका बाईंना तर हसू आवरेना. मीही हसले, यांच्या पाठीवर थाप मारली. इतके महिने बसलेला घसा, पण ते वाक्य स्वच्छ आलं होतं, आमच्या घरातलं, जिन्यावरचं. फोन माझ्या पर्समध्ये होता. मी सूर्यास्त बघत होते ना.

पुढे मी शहाणी झाले. फोन हातातच ठेवायला लागले. तर हे बोलेनात. जिथे जाऊ तिथे मी फोन वर धरायची आणि म्हणायची, मारा की हाक. हे म्हणायचे, थांब. त्या बेटावर यांना बोलायला आवाजच मिळेना. सगळीकडे नुसती झाडं आणि पाणी आणि गप्प बसलेले डोंगर. त्यांच्या दृष्टीने तिथे सगळीकडे लाईट गेलेली होती.

बारातांगला जायला आम्ही पहाटे निघालो. जंगलातून गाड्यांचा ताफा जातो, मध्ये थांबायचं नाही, काचा खाली करायच्या नाहीत. दोन्ही बाजूंना झाडं एवढी उंच की शेंडे बघायला मान मोडावी लागते. खोडांवर वेली चढलेल्या, त्या वेलींवर आणखी कुठलं तरी हिरवं चढलेलं. आमच्याकडे झाड म्हणजे गोदामाच्या कुंपणाला जे उरलंय ते. हे खिडकीतून बघत होते आणि मधेच माझा हात दाबत होते.

चिखलाचा ज्वालामुखी बघून आमचा ग्रुप हिरमुसला. नाव ऐकून सगळ्यांना आगबीग वाटली होती. निघाली करड्या चिखलाची चकती, बांबूचं कुंपण घातलेली, मधून मधून एक बुडबुडा वर येतो आणि फुटतो. मॅनेजर बिचारा पोटातले वायू वगैरे समजावत होता. ह्यांना मात्र ती जागा सगळ्यात आवडली. कुंपणाला टेकून उभे राहिले, हलेचनात. मग हळूच म्हणाले, "खल शिजते."

सुताला कांजी देतात ती खळ. मोठ्या भांड्यात ती शिजते तेव्हा असाच बुडबुडा येतो, जाडसर, सावकाश. माझ्या लक्षात येऊन मी फोन उघडेपर्यंत ते दोन शब्द संपले होते. पुढचा बुडबुडा मात्र माझ्याकडे आहे, हवा असेल त्याला दाखवते.

तिथून गुहेकडे जायला लहान बोटी. मागे मोटर लावलेली, पुढे आम्ही माणसं नारिंगी जाकिटं घालून दाटीवाटीने. मोटर सुरू झाली आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. काय तो आवाज! कानात दडे बसले. पुण्याच्या बाईंनी कानात बोटं घातली. मी ह्यांच्याकडे बघितलं. चेहरा उजळला होता. कितीतरी दिवसांनी लाईट आली होती.

आधी रुंद खाडी, मग बोट वळली आणि तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या बोगद्यात शिरली. दोन्ही काठांवरची तिवरं वरून एकमेकांना भिडलेली, खाली हिरवं पाणी, मुळं कमरेएवढी वर आलेली, त्यांच्या जाळीतून ऊन तुकड्यातुकड्याने पाण्यावर पडत होतं. मी आयुष्यात इतकं देखणं काही पाहिलेलं नाही. आणि तरी ते ओळखीचं होतं. यांचं लहानपण कशेळीच्या खाडीकाठी गेलेलं. तिथेही तिवरं होती, आता भराव टाकून गोदामं उभी राहिली.

आणि हे बोलायला लागले. काय बोलले म्हणून सांगू! आईबरोबर चिखलात उतरून निवट्या मासे धरायचे, ते सांगितलं. चिंबोरीच्या बिळात हात घालायचा तर आधी पाण्याकडे बघायचं, ते सांगितलं. एकदा भरतीत अडकले तर अशाच एका तिवरावर चढून बसले, खाली पाणी आणि वर हे, आई काठावरून शिव्या देतेय. हाताने पाणी दाखवत होते, आईचा अवतार करून दाखवत होते. मी हसत होते, मधेमधे हाताने विचारत होते. फोन मी दुसऱ्या हातात धरून ठेवला होता, व्हिडिओ चालू, ह्यांच्या तोंडासमोर, मुलीने शिकवला होता तस्सा. टूर मॅनेजरने माझ्या कानाशी येऊन ओरडून विचारलं, "काकू, काका काय म्हणतायत?" मला त्याचाच राग आला. इतकं स्पष्ट बोलतायत आणि याला ऐकू येत नाही?

मग ह्यांनी बोलणं थांबवलं. फोनकडे बघितलं. लाजले नाहीत. तिवरांच्या वर जिकडे थोडं आभाळ दिसत होतं तिकडे तोंड केलं, हाताचा आडोसा गालाला लावला आणि हाक मारली. बायऽऽ, गो बाय. दोनदा मारली. शेवट थोडा वर गेला, नेहमीसारखा. मी ऐकली. आजही कोणी शपथ घालून विचारलं तरी मी सांगेन, मी ती ऐकली.

माझा जीव भांड्यात पडला. फोन बंद करून पर्समध्ये ठेवला आणि चेन लावली. काम झालं होतं.

त्यानंतरची गुहा मी मोकळ्या मनाने पाहिली. बोटीतून उतरून भाताच्या खाचरांमधून चालत गेलो, मग जंगल, मग डोंगराच्या पोटात अंधार. पाण्याच्या थेंबाथेंबाने चुन्याची झुंबरं बनलीत, वरून लोंबणारी आणि खालून वर येणारी. वाटाड्या बॅटरी मारून दाखवत होता, हा हत्ती, हे कमळ, हा गणपती. हात लावायचा नाही, लावला तर त्यांची वाढ थांबते. ह्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. बाहेर आल्यावर खोकला लागला, आवाज अगदी फाटला. तेव्हा मी म्हटलं, "आता बस झालं. डॉक्टरने काय सांगितलंय? आता बोलायचं नाही. हाक मिळाली, तुम्ही सुटलात."

आणि मी राखणीलाच बसले. नवऱ्याच्या घशाची एवढी काळजी कोणी घेतली नसेल. टूरमधलं कोणी त्यांच्याशी गप्पा मारायला आलं की मीच उत्तर द्यायची. हे तोंड उघडायला लागले की मी ओठांवर बोट ठेवायची.

नील बेटावर ओहोटीच्या वेळी आम्ही दगडी पूल पाहायला गेलो. समुद्राने खडकातून कोरून काढलेली मोठी कमान आहे. खाली पाणी ओसरलेलं, प्रवाळाच्या खाचांमध्ये डबकी उरलेली, त्यात निळे मासे आणि बोटाएवढे खेकडे. निसरड्या दगडांवरून एकमेकांना धरत आम्ही कमानीखाली पोहोचलो. तिथे गारवा होता, आणि आवाज काही नव्हता. हे वर बघत उभे राहिले. मग माझा दंड धरला, घसा साफ केला आणि बोलायला तोंड उघडलं. शांततेत. त्या माणसाने, आपण होऊन, मला काहीतरी आवाजाने सांगायला.

मी त्यांच्या ओठांवर बोट ठेवलं. "नंतर सांगा," म्हटलं.

ते थांबले, मान हलवली, आणि आम्ही परत फिरलो.

बेटावर फोनला रेंज मिळेल तर शपथ. व्हिडिओ काही मुलीला गेला नाही. ती विमानतळावर घ्यायला आली होती. मी पर्सवर हात ठेवून म्हटलं, आणलीय. तिने ह्यांना मिठी मारली आणि मला म्हणाली, "आत्ता नको. आत्ता ऐकली तर मी कोसळेन. ऑपरेशन झाल्यावर ऐकते." मग टॅक्सीत, घरी, दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या वाटेवर, आम्ही दोघींनी मिळून ह्यांना गप्प ठेवलं. ते काही बोलायला गेले की ती म्हणायची, बाबा, घसा. ऑपरेशनला नेताना त्यांनी आम्हाला हात केला.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर येऊन सांगून गेला तेव्हा दुपार होती. मुलीने बाकावर बसून डोळे पुसले आणि हात पुढे केला. मी फोन दिला.

मोटरचा आवाज सुरू झाला. घर्रर्र. मी तिच्या खांद्यावरून बघत होते आणि मला सगळं ऐकू येत होतं, निवट्या, चिंबोऱ्या, भरती, आईच्या शिव्या. मी तर हसलेसुद्धा. मुलीने आवाज वाढवला. फोन कानाला लावला. परत मागे नेला.

"आई, यात बाबांचा आवाज कुठंय?"

"म्हणजे काय? बोलतायत की."

"तोंड हलतंय. आवाज कुठंय?"

मी तिच्या हातातून फोन घेतला, डोळे मिटले आणि कानाला लावला. घर्रर्र. दुसरं काही नाही. डोळे उघडले की ते बोलत होते, मिटले की मोटर. मी उघडझाप करत किती वेळ बसले असेन माहीत नाही. आयुष्यभराची खोड होती. यंत्राचा आवाज आला की लूमवाला आपला आवाज लावत नाही, हे मीच कालपर्यंत कौतुकाने सांगत होते. त्यांनी लावला नाही आणि मला कळलं नाही. आम्हा दोघांपैकी एकजण जरी बाहेरचा असता तरी कळलं असतं.

मुलीने फोन माझ्या हातातून काढून घेतला, माझ्या पर्समध्ये ठेवला आणि चेन लावली. रागावली असती तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी ह्यांना उठून बसवलं. गळ्याला पट्टी, मधे नळी. आमचे चेहरे बघून त्यांनी ओठांनी विचारलं, काय झालं? मुलीने त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी थोडा वेळ बघितला आणि कपाळाला हात लावला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "लूम चालू ठेवून बोललो." मी त्यांना विचारलं, त्या दगडी पुलाखाली काय सांगत होतात? त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला, मी बघत होते. मग मान हलवली. विसरले होते.

पुढचं वर्ष आम्ही दोघांनी जमवून घेतलं. हे डॉक्टरच्या खोलीत म्हणाले होते तसंच झालं, आमच्यात फरक पडला नाही. मी मधे राहून मुलीला सगळं सांगायची, बाबा हे म्हणतात, बाबा ते म्हणतात. पण हाक मधे राहून सांगता येत नाही. ती पाठमोरी असली की हे तिला बाय म्हणायचे, ती वळायची नाही. तिला कसं कळणार? मग हे टाळी वाजवायला लागले. टाळी वाजली की ती वळायची आणि प्रत्येक वेळी तिचा चेहरा पडायचा. त्यांनाही ते दिसायचं. शेवटी शेवटी ते टाळी न वाजवता तिने वळायची वाट बघत बसायचे.

मग दुखणं फुप्फुसात उतरलं आणि ते गेले. कारखाना आम्ही त्या दिवशी बंद ठेवला. गल्लीतल्या बाकीच्यांनीही ठेवला, लूमवाल्यात तशी रीत आहे. अख्ख्या गल्लीत एवढी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली.

मुलगी सुट्टीच्या दुपारी तो व्हिडिओ लावते. आधी लावायची तेव्हा मी उठून आत जायची. एकदा तिने मला बसवून घेतलं. म्हणाली, "यात माझी हाक कुठेशी आहे, ते तरी दाखव."

मी दाखवली. ते आभाळाकडे बघतात, हात गालाला लावतात, तिथे थांबवलं. म्हटलं, आता ओठांकडे बघ. मिटले, आता उघडले, ही बाय. तिने ते परत लावलं. परत. बोट लावून थांबवत होती, पुढे नेत होती. सगळ्या व्हिडिओतला तेवढाच एक शब्द तिला वाचता यायला लागला.

मग फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "आई, तू मार ना. बाबांसारखी."

मी "बाय" म्हटलं. माझा आवाज निघाला, चिरका, माझा. तिने मान हलवली. मलाही ते पटलं नाही. ह्यांचा आवाज माझ्या डोक्यात अजून आहे, पण तो काढून तिला कसा देऊ? मी तिच्या समोर जाऊन बसले. तिला माझ्या तोंडाकडे बघायला सांगितलं. ओठ मिटले, मोठे उघडले, शेवटाला हनुवटी थोडी वर नेली, आवाज अजिबात लावला नाही.

ती माझ्या ओठांकडे बघत होती. तिचे डोळे भरले आणि ती जिन्याच्या वरून ओ द्यायची तशी मोठ्याने म्हणाली, "ओ, बाबा."